इमारत वापरात आढळत नाही

रत्नागिरीचं फळप्रत प्रमाणन कार्यालय पुरेशी वीज वापरत नाही, ही गंभीर बाब फेब्रुवारी महिन्यात शासनाच्या निदर्शनास आली. तोपर्यंत ती कोणाच्या लक्षात आली नव्हती, कारण कार्यालयात उजेड होता.

इमारत चिऱ्याची, कौलारू, एकमजली. पश्चिमेला अकरा उंच खिडक्या, पुढे रुंद पडवी, पडवीपुढे माड. बागायतदारांनी आणलेल्या आंब्याच्या पेट्या तपासायच्या, प्रत ठरवायची आणि दाखल्यावर शिक्का मारायचा, एवढंच तिथलं काम. सतरा माणसं, अकरा पंखे, दोन संगणक आणि कधीमधी चालणारा एक प्रिंटर. महिन्याचा वीजवापर तीनशे बारा युनिट.

हा आकडा इतका खाली राहण्याला वरिष्ठ लिपिक उमा मुळ्ये जबाबदार होत्या. बावन्न वर्षांच्या उमाताई खालच्या आळीत राहायच्या आणि एकोणीस वर्षं याच कार्यालयात होत्या. उठताना पंखा बंद करायचा, खिडकी उघडी असेल तर दिवा लावायचा नाही, ही त्यांची सवय. ती त्यांना कोणत्याही परिपत्रकाने लावलेली नव्हती, आणि पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ नेमकं हेच होतं.

त्या महिन्यात आयुक्तालयाचं पत्र आलं. सर्व कार्यालयांनी वीजवापरात वीस टक्के बचत करावी. एप्रिल ते जून हा काळ आधार धरून पुढच्या तीन महिन्यांतली बचत मोजली जाईल. तत्पूर्वी प्रत्येक इमारतीचं ऊर्जा लेखापरीक्षण होईल. त्यासाठी एका सल्लागार संस्थेचा अपूर्व नावाचा तरुण लेखापरीक्षक मुंबईहून आला. त्याच्या लॅपटॉपमध्ये ‘ऊर्जादर्पण’ नावाची प्रणाली होती. तिच्यात इमारतीचं क्षेत्रफळ आणि वापर भरला की इमारतीची लायकी समजे.

“मॅडम, हा आकडा चुकलाय,” अपूर्व म्हणाला. “तीन हजार एकशे वीस असणार. एक शून्य राहिलंय.”

“राहिलेलं नाही. मीटर पडवीत आहे, बघून या,” उमाताई म्हणाल्या.

अपूर्व बघून आला. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता, पण त्याला काही घाई दिसली नाही. अपूर्वने तीनशे बारा हा आकडा भरला. प्रणालीने थोडा विचार केला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: ‘वापर किमान मर्यादेखाली. इमारत वापरात आढळत नाही.’

“पण आम्ही इथे बसलोय,” उमाताई म्हणाल्या.

“मला दिसताय ना,” अपूर्व म्हणाला. तो सज्जन मुलगा होता. “पण ‘दिसणे’ असा रकाना यात नाहीये.”

तीन आठवड्यांत आदेश आला. सदर इमारत वापरात नसल्याने ती बंद का करण्यात येऊ नये, याचा खुलासा करावा. आधार तिमाहीतही ती वापरात न आढळल्यास कार्यालय खेड येथे हलवण्यात येईल. आदेश ज्या माणसाच्या हाती पडला ते प्रमाणन अधिकारी देवदत्त निमकर. मूळचे पुण्याचे, पण रत्नागिरीत त्यांचं बूड असं काही टेकलं होतं की बदलीचा विषय निघाला तर ते पाणी प्यायचे.

त्यांनी खुलासा पाठवला, की इमारतीत सतरा माणसं रोज कामाला असतात. उत्तर आलं, की वापरात नसलेल्या इमारतीत सतरा माणसं काय करतात याचा वेगळा खुलासा सादर करावा.

निमकरांनी बैठक बोलावली. बैठकीला पावसचे बागायतदार आत्माराम सरपोतदारही येऊन बसले. ते दाखल्यासाठी आले होते. पण खेडचं नाव ऐकल्यावर दाखला विसरले.

“उमाताई,” ते म्हणाले, “पावसहून इथं यायला मला पाऊण तास लागतो. खेडला म्हणजे जाऊन येऊन दिवस मोडला. ऐन मेमध्ये पेट्या टेम्पोत घालून तिथवर न्यायच्या, तर शिक्का बसेपर्यंत आत आमरस झालेला असेल. आमची दीडशे घरं आहेत ह्या दाखल्यावर. तुमचं तत्त्व जरा बाजूला ठेवा आणि लावा हो चार दिवे.”

“भर दुपारी?”

“मग काय झालं? देवापुढे नाही लावत आपण?”

आत्मारामांचं काही खोटं नव्हतं. शिवाय शिपाई धाकू गोताड याचं घर जवळच्या वाडीत होतं, घरात अंथरुणाला खिळलेली आई होती, आणि खेड त्याला मुंबईइतकंच लांब होतं. एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता उमाताईंनी उन्हात उजळलेल्या खोलीत एकामागून एक चौदा ट्यूबलाइट लावल्या. हात खाली आणताना त्यांना एखाद्याच्या ताटातलं अन्न सांडावं तसं वाटलं. ट्यूब लागल्या आहेत की नाहीत ते कळेना, म्हणून धाकूला स्टुलावर चढून हात लावून बघावं लागलं.

सगळे दिवे, सगळे पंखे आणि दोन्ही संगणक दिवसभर चालू ठेवूनही आठवड्याचा हिशेब महिन्याला नऊशे युनिटांपुढे जाईना. प्रणालीला चार हजार हवे होते. निमकरांनी अपूर्वला फोन लावला.

“सर, वातानुकूलन घ्या,” अपूर्व म्हणाला. “त्याला वेगळे गुण आहेत. ते असलं की इमारत आधुनिक धरतात.”

पंख्याचा एक कपॅसिटर मागितला तर ज्या विभागाला आठ महिने लागत, त्याच विभागाने चौदा एसी सहा दिवसांत पाठवले. मागणीपत्रावर सही उमाताईंची होती. एसी लागले, पण गार हवा कौलांच्या फटींतून वर निघून जाई आणि छपरावरचे कावळे तेवढे खूश असत. म्हणून खाली छत मारलं. खिडक्यांची जुनी लाकडी झडपं काढून तिथे अखंड काचा बसवल्या आणि कडा सिलिकॉनने बुजवल्या. त्या काचांतून दुपारचं पश्चिमेचं ऊन थेट टेबलांवर येऊ लागलं. म्हणून एसी सोळावर नेले. तरी उन्हात बसवेना, म्हणून काचांवर काळे पडदे आले. पडद्यांमुळे अंधार झाला. आता दिवे खरोखरच लागत होते, हे उमाताईंनी प्रामाणिकपणे मान्य केलं.

वारा थांबल्यावर फायलींना ओलसर वास येऊ लागला. वास बाहेर टाकायला चार मोठे एग्झॉस्ट पंखे बसवले. ते वासाबरोबर गार हवाही बाहेर टाकत, म्हणून एसींना उसंत मिळत नसे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाहेर कातळ तापून फुटायच्या बेताला आला होता, आणि आत आवक-जावकचे लिपिक बोटं चोळून शिक्के मारत होते. उमाताईंनी घरून शाल आणली.

खरी अडचण आंब्याची झाली. प्रत ठरवण्यासाठी प्रत्येक बागेचे चार आंबे नमुना खोलीत गवताच्या अढीत पिकत ठेवायचे, अशी पद्धत होती. त्या थंडीत आंबे पिकेनात. बारा दिवस झाले तरी हापूस अढीत पडल्या पडल्या हिरवाच. आंबा पिकल्याशिवाय प्रत नाही, प्रतीशिवाय दाखला नाही. आत्माराम रोज येऊन आपले चार आंबे दाबून बघत आणि उसासा टाकून जात.

“त्या एका खोलीतला एसी बंद करावा,” असं उमाताईंनी सुचवलं.

“मंजूर यादीत चौदा आहेत,” निमकर म्हणाले. “तेरा चालू दिसले तर एक अनावश्यक होता असं ठरेल. मग आपण अनावश्यक खरेदी केली असं होईल. आणि मागणीपत्रावर सही तुमची आहे, उमाताई.”

म्हणून नमुना खोलीत दोन मोठे हीटर बसवण्यात आले. कार्यालयीन आदेशात त्यांची नोंद ‘फळांच्या सोयीसाठी’ अशी होती. हीटर दिवसरात्र चालत. त्यांच्या डोक्यावर भिंतीतला एसी त्या उष्णतेशी झगडत राही. आंबे तीन दिवसांत पिकू लागले. पेट्या आत-बाहेर नेण्याचं काम धाकूकडे होतं. त्याने मे महिन्यात कानटोपी घातली.

“बाई,” तो एकदा उमाताईंना म्हणाला, “त्या दारात हुबा ऱ्हायलो ना, तर माजं अर्धं अंग माघात असतं आनि अर्धं वैशाखात.”

“गोळी घेतलीस का सर्दीची?”

“घेतली. अर्ध्या अंगापुरती.”

मेच्या मध्याला गल्लीतला ट्रान्सफॉर्मर बसला. आसपासच्या चाळीस घरांतले पंखे बंद पडले. ऐन उकाड्यात माणसं आपापल्या पडवीत येऊन बसली आणि कार्यालयाच्या काळ्या काचांकडे बघत राहिली. त्यांनी लेखी निवेदन दिलं. त्याला कार्यालयाने लेखी उत्तर दिलं: ‘सदर कार्यालय वीज बचत मोहिमेत सहभागी असल्याने त्याचा वीजवापर कमी करता येणार नाही.’ ते टंकताना उमाताईंनी वाक्य दोनदा वाचलं. व्याकरणाची चूक नव्हती. ट्रान्सफॉर्मर बदलला, आणि तो पुन्हा बसू नये म्हणून अंगणातल्या फणसाखाली डिझेलचा जनरेटर आला. पुढे त्या झाडाचे फणस कोणी खाल्ले नाहीत.

त्या दिवशी उमाताईंनी दीड पानांची टिपणी लिहिली. पूर्वी आपण तीनशे बारा युनिटांत हेच काम करत होतो. आता आठ हजार सहाशे चाळीस लागतात. दाखल्यांची संख्या तेवढीच आहे. माणसं आजारी पडत आहेत. शेजारी वैतागले आहेत. तरी खिडक्या पूर्ववत कराव्यात. टिपणी घेऊन त्या स्वतः निमकरांच्या खोलीत गेल्या.

निमकरांनी ती पूर्ण वाचली. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“यातलं एकही वाक्य चुकीचं नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच हे वर पाठवता येत नाही. चुकीचं असतं तर दुरुस्त करून पाठवलं असतं.”

“मग काय करू?”

“थांबा. जूनपर्यंत थांबा. एकदा आपण अस्तित्वात आलो की मग बघू.”

त्यांनी टिपणीवर शेरा मारला: ‘पाहिले. नस्ती करावी.’ उमाताईंनी आपली टिपणी स्वतःच फायलीला लावली. कपाट बंद करताना त्यांचे डोळे भरून आले, पण तिथे इतकी थंडी होती की कोणालाही ती सर्दीच वाटली असती.

जूनअखेर अपूर्व पुन्हा आला. त्याने आकडे भरले. ‘इमारत वापरात आढळते,’ असं प्रणालीने हिरव्या अक्षरांत सांगितलं. निमकरांनी पेढे मागवले. आत्माराम पावसहून नारळ घेऊन आले. खालच्या ओळीत लाल अक्षरं होती: ‘अतिवापर. बचतीस मोठा वाव.’

“मोठा वाव,” अपूर्व कौतुकाने म्हणाला. “हा शेरा फार थोड्या कार्यालयांना मिळतो, सर. जी मुळातच काटकसरीने चालतात त्यांना बिचाऱ्यांना काही वावच नसतो.”

जुलैत आंबा संपला. नमुना खोली रिकामी झाली आणि धाकूने हीटरांची बटणं बंद केली. दुसरं कोणीही काहीही केलं नाही. सप्टेंबरअखेर हिशेब झाला तेव्हा वापर महिन्याला पाच हजार सातशे दोन युनिट होता, म्हणजे बचत चौतीस टक्के. फळप्रत प्रमाणन कार्यालय विभागात पहिलं आलं. पुरस्कार कोणाच्या नावे द्यायचा, असा प्रश्न होता. अर्जात ‘ऊर्जादूत: पंधरा वर्षांहून अधिक सेवा असलेली महिला कर्मचारी असल्यास प्राधान्य’ असं छापलेलं होतं. निमकरांनी उमाताईंचं नाव भरलं.

सोहळा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कार्यालयाच्याच मोठ्या खोलीत ठेवला होता. टेबलं हलवून नव्वद खुर्च्या मांडल्या. बागायतदार आले, गल्लीतले लोक आले, महाविद्यालयाच्या पर्यावरण मंडळाचे विद्यार्थी आले, आयुक्तालयातून एक उपायुक्त आले. प्रत्येकाच्या हातात ‘वीज वाचवा, वसुंधरा वाचवा’ अशी जाड कागदाची पत्रिका देण्यात आली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. आत आलेला प्रत्येक जण दारातच क्षणभर थांबे, डोळे मिटे आणि म्हणे, “वा.”

स्मृतिचिन्ह स्वीकारून उमाताई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना आभार मानायचे होते. तसं लिहूनही आणलं होतं. तो कागद त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवला.

“मला हा पुरस्कार बचतीसाठी मिळाला,” त्या म्हणाल्या. “या मार्चपर्यंत आम्ही तीनशे बारा युनिटांत चालत होतो, तेव्हा शासनाला आम्ही दिसत नव्हतो. आता पाच हजार सातशे दोन लागतात. अठरापट. मागणीपत्रावर माझी सही आहे. ह्या गल्लीतल्या लोकांचे पंखे मे महिन्यात आमच्यामुळे बंद पडले. त्यांना उत्तर मीच टंकलं. समोर बसलेल्या सगळ्यांची मी माफी मागते. वीज बटण दाबून वाचते, अहवाल लिहून नाही वाचत.”

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. विद्यार्थी उभे राहिले. आत्मारामांनी डोळे पुसले. निमकरांनी उपायुक्तांकडे पाहिलं, उपायुक्त टाळ्या वाजवत होते, म्हणून निमकरांनीही वाजवल्या. अपूर्व तर खुर्चीवर चढला.

एकोणीस वर्षांत कोणी उमाताईंसाठी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्यांना धीर आला.

“मग भाषण पुरे,” त्या म्हणाल्या. “आत्ताच करू या. धाकू, खिडक्या उघड. अकरा चाळीस झालेत. इथे बाराच्या सुमाराला समुद्राकडून वारा सुटतो, जुन्या लोकांना माहीत आहे. वीस मिनिटं थोडं उकडेल. मग एसीची आठवणसुद्धा येणार नाही.”

पुन्हा टाळ्या. उमाताईंनी स्वतः जाऊन मुख्य बटण खाली ओढलं. चौदा एसी निःश्वास टाकून थांबले. धाकूने कोयतीने सिलिकॉन कापलं आणि तीन काचा चौकटीतून सैल केल्या. विद्यार्थ्यांनी त्याचं चित्रीकरण केलं.

अकरा पंचेचाळीसला उपायुक्तांनी रुमाल काढला. अकरा सत्तेचाळीसला खोलीभर पत्रिका हलू लागल्या. कागद जाड असल्यामुळे वारा बरा लागत होता. अकरा एकोणपन्नासला आत्माराम उठून व्यासपीठाजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “उमाताई, भाषण काळजाला भिडलं. आता तेवढं लावा.”

“अकरा मिनिटं राहिली हो, आत्मारामभाऊ.”

“आमचं काय, आम्ही उन्हातली माणसं. आमची तयारी आहे. पण पाहुणे आहेत.”

उपायुक्त म्हणाले, की त्यांना स्वतःला काहीच त्रास नाही, पण विद्यार्थी घामाघूम झालेत. विद्यार्थी म्हणाले, की ते दिवसभरही बसतील, पण ज्येष्ठ नागरिकांचा विचार व्हावा. ज्येष्ठ नागरिक म्हणाले, की त्यांचा जन्म उकाड्यातच गेला, पण पाहुणे पहिल्यांदाच आलेत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या काळजीने घामेजला होता.

निमकरांनी यातून सनदशीर मार्ग काढला. त्यांनी हात वर करून मत द्यायला सांगितलं.

“विजेची ही उधळपट्टी थांबली पाहिजे, असं ज्यांना वाटतं?”

सगळे हात वर गेले.

“एसी उद्यापासून कायमचे बंद करावेत?”

सगळे हात वर गेले. काहींनी दोन्ही केले.

“आत्ता, या कार्यक्रमापुरते, बंदच ठेवावेत?”

उमाताईंचा हात वर गेला. त्यांनी धाकूकडे पाहिलं. धाकू दोन्ही हातांनी सैल काच धरून उभा होता.

“बाई, हात सोडला तर काच पडंल,” तो म्हणाला. “माजं मत समजून घ्या.”

आत्माराम खाली मान घालून पत्रिका वाचत होते.

अकरा त्रेपन्नला काचा परत बसवण्यात आल्या. मुख्य बटण निमकरांनी वर केलं. चौदाही एसी एकदम सुरू झाले आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की भाषणाच्या वेळी झालेला कमी वाटावा. सोहळ्याच्या इतिवृत्तात नोंद झाली: ‘वातानुकूलन बंद करण्याबाबत तत्त्वतः एकमत झाले.’ कार्यक्रम पुढे सव्वा तास चालला. उमाताई स्मृतिचिन्ह घेऊन पडवीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने धाकूने त्यांना बाहेर चहा आणून दिला आणि स्वतःही कानटोपी काढून पायरीवर टेकला.

आपण तिथे असतो तर वीस मिनिटं नक्की थांबलो असतो, असं हे वाचताना ज्यांना वाटलं असेल, त्यांच्या माहितीसाठी एवढंच नमूद करणं आवश्यक आहे, की त्या खोलीतल्या नव्वद माणसांनाही अकरा चाळीसपर्यंत अगदी असंच वाटत होतं.